ज्ञानेश्वरी चिंतन, अध्याय तेरावा : अहिंसा आणि श्वास



तेराव्या अध्यायातली ज्ञानाची लक्षणं आपण एकेक करून वाचतोय. परवा अमानित्व झालं, काल अदंभित्व. आज अहिंसा. तुमच्या प्रतीत हा श्लोक सातवा असेल किंवा आठवा, छापण्याच्या पद्धतीप्रमाणे एकाचा फरक पडतो. गीतेत इथे अहिंसा हा फक्त एक शब्द आहे, बाकीच्या लक्षणांच्या रांगेत गुपचूप उभा असलेला. पण माउली त्या एका शब्दापाशी थांबतात त्या थांबतातच. सार्थ ज्ञानेश्वरी घेऊन बसलात तर पानं उलटत राहाल, अहिंसा संपत नाही. श्रोत्यांनाही वाटलं असणार की अहो महाराज, पुढचं लक्षण कधी? तशी दिलगिरी माउली स्वतःच मध्ये व्यक्त करतात.

या विस्तारात एक जागा आहे, जिच्यावर मला आज लिहायचंय. अहिंसा ज्याच्या अंगी मुरली आहे तो माणूस कसा चालतो, कसा बघतो, हात कसा उचलतो, असं वर्णन चाललेलं असतं. पाण्यावरची लाट मोडू नये म्हणून बगळा जसा अलगद पाय टाकतो, केसर चुरगळेल म्हणून भुंगा जसा कमळावर हलकेच बसतो, तसं त्याचं चालणं. कणाकणात लहान लहान जीव गुंतलेले आहेत हे जाणून तो पाऊल टाकतो. आणि मग माउली पायांवरून तोंडाकडे येतात आणि म्हणतात की या माणसाचं श्वास घेणंसुद्धा नाजूक असतं. बोलणं तर पुढची गोष्ट. त्याच्या तोंडून शब्द निघायच्या आधी माया पोहोचलेली असते.

श्वाससुद्धा! शिवी देऊ नये, खोटं बोलू नये, टोचून बोलू नये हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. पण नुसत्या श्वासाने कुणाला काय इजा होणार? २०२० च्या आधी ही ओवी मी कितीदा वाचली असेल, आणि प्रत्येक वेळी काव्य म्हणून पुढे गेले. सातशे वर्षांपूर्वीच्या माणसाला विषाणू माहीत होते असा दावा मी करत नाहीये. तसले मेसेज व्हॉट्सॲपवर खूप फिरले, आणि माउलींना अशा सर्टिफिकेटची काही गरज नाही. मला एवढंच म्हणायचंय की 'माझ्या आतून जे बाहेर पडतं त्याची जबाबदारी माझी' हा विचार त्यांनी श्वासापर्यंत नेला होता, आणि आपल्यावर तो अक्षरशः पाळून बघायची वेळ आली.

म्हणून आज मास्क. हो, तोच. कपाटाच्या खणात अजून दोन-चार पडलेले असतील.

आपल्या परंपरांना तोंड झाकण्यात नवीन काही नाही. जैन साधूंची मुहपत्ती तुम्ही पाहिली असेल. स्थानकवासी आणि तेरापंथी साधू-साध्वी ती तोंडावर कायम बांधतात, मूर्तिपूजक परंपरेतले हातात ठेवतात आणि बोलताना तोंडापुढे धरतात. कारण एकच, बोलताना निघणाऱ्या उष्ण श्वासाने हवेतल्या सूक्ष्म जीवांना त्रास होऊ नये. पारशी धर्मगुरू पवित्र अग्नीसमोर जाताना तोंडावर पांढरं कापड बांधतात, त्याला पदान म्हणतात. आपला श्वास, आपली थुंकी अग्नीला लागू नये म्हणून. आणि आपल्याच घरातलं बघा. देवापुढचा दिवा फुंकर मारून विझवला तर आजी ओरडते की नाही? फुलं वाहायच्या आधी हुंगलेली चालत नाहीत. हे सगळे नियम बघितले तर एक लक्षात येतं. यातलं एकही कापड बांधणाऱ्याच्या बचावासाठी नाही. सगळ्यांची दिशा आतून बाहेर आहे.

आणि साथीच्या काळात नेमकी हीच दिशा आपल्याला समजायला जड गेली. मास्कला आपण चिलखत समजलो. 'मला काही होत नाही, मी कशाला लावू?' हे वाक्य तुम्हीही शंभरदा ऐकलं असेल. खरं तर साध्या कापडी मास्कची शिफारस झाली ती मुख्यतः उलट्या कारणासाठी. कोविडमध्ये लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून माणूस विषाणू बाहेर टाकू शकतो, काहींना तर लक्षणं येतच नाहीत. म्हणजे आपण आजारी आहोत हे आपल्याला माहीत नसताना आपला श्वास दुसऱ्यासाठी धोक्याचा असू शकतो. मग प्रत्येकाने आपापल्या श्वासावर गाळणी लावली तर हवेत जाणारा माल कमी होईल, असा तो साधा हिशेब. आमच्या भाषेत सांगायचं तर फायरवॉल इनकमिंगपेक्षा आउटगोइंग ट्रॅफिकवर जास्त होती.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे तो व्हॉल्व्हवाला एन-९५. आठवतोय? पुढे प्लास्टिकची गोल टिकली असलेला. दिसायला दमदार, महाग, आणि ऑफिसात तोच घालणारे लोक जास्त गंभीर वाटायचे. त्या व्हॉल्व्हचं काम असं की श्वास आत घेताना तो बंद होतो, हवा गाळून येते. श्वास सोडताना तो उघडतो आणि आतली हवा जशीच्या तशी बाहेर. धुळीत काम करणाऱ्याला सोयीचा, कारण धूळ बाहेर असते. पण साथीत? जुलै २०२० मध्ये केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालकांनी राज्यांना पत्र लिहून सांगितलं की हे व्हॉल्व्हवाले मास्क लोकांनी वापरू नयेत, त्याने प्रसार रोखला जात नाही. माउलींच्या अहिंसेची व्याख्या शिकवायला मला यापेक्षा चांगली वस्तू सापडलेली नाही. आत येणारं सगळं गाळून घ्यायचं आणि बाहेर जाणाऱ्याला मोकळं दार. आपलं रोजचं बोलणं, ऑफिसातला राग, ग्रुपवर न वाचता फॉरवर्ड केलेला मेसेज, सगळे व्हॉल्व्हवाले मास्क आहेत. असो, विषय भरकटतोय.

आता भजनाकडे येते, कारण आपल्या लोकांसाठी खरी अडचण तिथे होती. दुकानात मास्क लावणं एक वेळ जमतं. पण मास्क लावून अभंग म्हणायचा?

१० मार्च २०२० ला अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात स्कॅजिट व्हॅली नावाच्या गावगाड्यातल्या एका समूहगायन मंडळाचा सराव होता. ६१ जण आले, अडीच तास गायले. त्यांच्यात एकाला सर्दीसारखी लक्षणं होती. पुढच्या काही दिवसांत ५३ जण आजारी पडले, त्यांतले ३३ तपासणीत पक्के आणि २० संभाव्य. दोघं गेले. वाईट हेतू कुणाचाच नव्हता, सगळे गाण्यावर प्रेम करणारे. मोठ्याने गाताना माणूस साध्या बोलण्यापेक्षा कितीतरी जास्त सूक्ष्म कण हवेत सोडतो, आणि बंद खोलीत ते तरंगत राहतात. भजनी मंडळ म्हणजे दुसरं काय? बंद हॉल, खांद्याला खांदा, टाळ, आणि पोटातून लावलेला सूर.

आमच्या सोसायटीचं एक छोटं भजनी मंडळ आहे, गुरुवारी क्लबहाऊसमध्ये बसतं. मार्च २०२० पासून बंद होतं. १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी, राज्यातली देवळं उघडली तेव्हा आम्हीही पुन्हा सुरू करायचं ठरवलं. खिडक्या उघड्या, अंतर ठेवून बसायचं, मास्क लावूनच म्हणायचं. आमचे पखवाज वाजवणारे काका पंचाहत्तरीचे, फुप्फुसांचा जुना त्रास. पहिल्या गुरुवारी बघितलं तर दोन जण मास्क न लावता बसलेले. काका दारातूनच मागे फिरले आणि बाहेर व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहिले. पखवाज आत, काका बाहेर. मी बोलवायला गेले तर म्हणाले, "अगं, मी रुसलो नाहीये. इथूनही ऐकू येतं. तुम्ही म्हणा."

पूर्ण तासभर ते मांडीवर ताल धरून बसले होते. ज्याला धोका सर्वांत जास्त तो बाहेर आणि ज्याला नियम नको तो आत, ही मांडणी कुठेही कागदावर लिहिलेली नव्हती. ती आपोआप तयार झाली. अशा गोष्टी आपोआपच होतात.

मास्क न लावणाऱ्यांत एक मावशी होत्या. त्यांचं कारण हट्टाचं नव्हतं. देवासमोर तोंड कसं झाकायचं, बैलाला मुसकं बांधल्यासारखं, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो भक्तीतून आलेला होता. मास्क न लावणारा प्रत्येक माणूस बेफिकीर असतो असं आपण सुशिक्षित लोक फार लवकर ठरवून टाकतो. आमच्या बुवांनी तसं केलं नाही. भजन संपल्यावर ते मावशींशेजारी जाऊन बसले आणि त्यांनी एवढंच विचारलं, "मावशी, समई मालवताना तुम्ही फुंकर मारता का?" मावशी म्हणाल्या, "अहो, काहीतरीच काय!" बुवांनी नुसतं व्हरांड्याकडे बघितलं. त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या गुरुवारी नातीने शिवलेला खणाचा मास्क लावून आल्या, आणि काका खिडकीपाशी बसून वाजवू लागले.

दुसरा आमच्याच वयाचा, माझ्यासारखाच आयटीतला. त्याच्याकडे तोच व्हॉल्व्हवाला मास्क होता, तोही तो गाताना खाली ओढायचा. त्याचं म्हणणं, मी सगळी काळजी घेतो, मी सेफ आहे, बाकीच्यांनी आपापलं बघावं. त्याला समजावताना आवाज चढले आणि तो यायचाच बंद झाला. निर्बंध उठल्यावर, २०२२ मध्ये, परत आला. गळा फार गोड आहे त्याचा. त्या विषयावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

दुसऱ्या लाटेत आमच्या सोसायटीतली चार माणसं गेली. त्यांना कुणाकडून लागण झाली हे कुणालाच सांगता येणार नाही, आणि ते शोधत बसण्यात अर्थही नाही. पण मला त्या 'कुणालाच सांगता येणार नाही' यावर जरा थांबावंसं वाटतं. आपण हिंसा म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर करणारा असतो, ज्याच्यावर होते तो असतो, आणि मध्ये काहीतरी घडताना दिसतं. इथे दिसत काहीच नाही. करणारा घरी जाऊन निवांत झोपतो आणि दोन घरं पलीकडे कुणाचा तरी ऑक्सिजन खाली येतो. दोघांना एकमेकांचं नावही माहीत नसतं. कणाकणात लपलेल्या लहान जीवांना जपून पाऊल टाकणारा माणूस माउलींनी उभा केला तो याचसाठी, असं मला वाटतं. त्या माणसालाही पायाखालचे जीव दिसत नाहीत. तरी तो जपतो. दिसल्यावर जपणं याला सावधपणा म्हणता येईल, पण न दिसताही जपायचं तर आत करुणाच लागते. म्हणून तर माउली म्हणतात की अहिंसा आधी मनात असते, मग ती हातापायांत उतरते.

आता प्रश्न येतो तो सरकारी सूचनांचा. तरुण मंडळींचा खरा राग इथे आहे आणि तो समजण्यासारखा आहे. आधी म्हणाले लावू नका, मग म्हणाले लावा. २९ फेब्रुवारी २०२० ला अमेरिकेचे सर्जन जनरल जेरोम ॲडम्स यांनी लोकांना मास्क विकत घेणं थांबवा असं जाहीरपणे सांगितलं, सामान्य माणसाला त्याचा उपयोग नाही असंही म्हटलं. पाच आठवड्यांनी, ३ एप्रिलला, तिथल्याच सीडीसीने कापडी मास्क वापरा म्हणून सांगितलं. आपल्याकडे एप्रिलच्या सुरुवातीला केंद्राने घरी केलेल्या मास्कचा सल्ला दिला, ८ एप्रिलला मुंबई महापालिकेने सक्ती केली. जागतिक आरोग्य संघटनेने सर्वसामान्यांसाठी कापडी मास्कची शिफारस केली ती ५ जूनला.

माहिती बदलली की सल्ला बदलतो, यात मला काही गैर वाटत नाही. आम्ही दर पंधरा दिवसांनी रिलीज करतो आणि मागच्या व्हर्जनमधलं चुकलेलं दुरुस्त करतो. पण आम्ही रिलीज नोट लिहितो. काय बदललं आणि का बदललं ते सांगतो. सुरुवातीला मास्क कमी होते आणि ते डॉक्टर-नर्सना आधी मिळायला हवे होते, हे खरं कारण मोठं होतं. तेवढंच मोकळेपणाने सांगितलं असतं तर लोकांनी ऐकलं असतं असं माझं मत आहे. त्याऐवजी 'उपयोग नाही' असं सांगितलं, आणि महिन्याभराने 'उपयोग आहे' म्हटल्यावर लोकांनी दोन्ही वाक्यांवरचा विश्वास काढून घेतला. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंत जाणत्या माणसाला बजावतात की अजाणांच्या बुद्धीत भेद पाडू नकोस, स्वतः नीट कर्म करून त्यांच्याकडून करवून घे. हा आदेश अजाणांना नाही, जाणत्यांना आहे. सूचना देणाऱ्याची जबाबदारी ऐकणाऱ्यापेक्षा मोठी.

त्याच अध्यायात, थोडं आधी, आणखी प्रसिद्ध विचार आहे. श्रेष्ठ माणूस जसं वागतो तसं इतर लोक वागतात. ३ एप्रिलचीच गोष्ट बघा. मास्कची शिफारस जाहीर करतानाच राष्ट्राध्यक्ष ट्रम्प म्हणाले की मी स्वतः काही लावणार नाही. सूचना आणि तिच्यावरचं भाष्य एकाच पत्रकार परिषदेत. लोकांनी कुठलं लक्षात ठेवलं असेल? आपणही फार वेगळे नाही. एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट चढत होती, विठ्ठलाचं मंदिर भाविकांसाठी बंद होतं, आणि त्याच पंढरपुरात १७ तारखेच्या पोटनिवडणुकीसाठी सगळ्या पक्षांच्या प्रचारसभा भरत होत्या. रस्त्यावर मास्क खाली आला म्हणून दोनशे रुपये दंड भरणाऱ्या पोराला लोकसंग्रह कुणी आणि कसा शिकवायचा?

याउलट एक उदाहरण बांगलादेशातलं. २०२०-२१ च्या हिवाळ्यात तिथल्या ६०० गावांत, साडेतीन लाखांच्या आसपास प्रौढ लोकांमध्ये, मास्कचा मोठा प्रयोग झाला. निम्म्या गावांत घरोघरी फुकट मास्क दिले, वापरायचा कसा ते दाखवलं, रस्त्यात मास्क नसलेल्याला थांबवून प्रेमाने आठवण केली, आणि गावच्या पुढाऱ्यांना नि मशिदीच्या इमामांना स्वतः लावायला आणि नमाजाच्या वेळी सांगायला लावलं. मास्क नीट लावणाऱ्यांचं प्रमाण बाकीच्या गावांत साधारण १३ टक्के होतं, या गावांत ते ४२ टक्क्यांच्या आसपास गेलं. मोबाईलवर मेसेज पाठवून किंवा गावाला बक्षिसाचं आमिष दाखवून त्यात आणखी भर पडली नाही. सर्जिकल मास्क वाटलेल्या गावांत लक्षणांसह झालेली लागण सुमारे ११ टक्क्यांनी कमी दिसली, साठीच्या पुढच्यांत सुमारे ३५ टक्क्यांनी. कापडी मास्कचा परिणाम मात्र तितका स्पष्ट दिसला नाही.

आकडे मुद्दाम दिले. ११ टक्के म्हणजे चमत्कार नाही, आणि शून्यही नाही. २०२३ च्या जानेवारीत कॉक्रेन या संस्थेचा आढावा आला, समाजात मास्कचा प्रसार केल्याने किती फरक पडतो याबद्दल तो खात्रीने काही सांगू शकला नाही. लगेच 'मास्क निरुपयोगी ठरले' अशा बातम्या झाल्या, आणि मार्चमध्ये कॉक्रेनच्या मुख्य संपादकांनाच खुलासा करावा लागला की असा अर्थ काढणं चूक आहे. शंभर टक्के किंवा काहीच नाही, अशी आपली सवय. साधनेतही तेच करतो आपण. हरिपाठ रोज जमत नाही ना, मग सोडूनच देऊ.

'पांडुरंग बघून घेईल' हे उत्तर मी गावाकडे खूप ऐकलं. श्रद्धा म्हणून मी त्याला हात लावणार नाही. फक्त कुरुक्षेत्र आठवा. रथावर सारथी म्हणून साक्षात भगवंत बसलेले. म्हणून अर्जुनाने कवच उतरवून ठेवलं का? आणि कवच तर स्वतःसाठी असतं. माझा योगक्षेम देव वाहील असं मी माझ्यापुरतं म्हणू शकते, शेजारच्या म्हाताऱ्या काकांचा जीव पणाला लावून नाही. वारकऱ्यांनी २०२० मध्ये याचं उत्तर कृतीतून दिलं. माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका ३० जूनला एसटीने पंढरपूरला गेल्या, मोजक्याच लोकांसोबत, तोंडाला मास्क. लाखो पावलं घरी थांबली. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या वारी चुकली नाही त्यांना हे काय पडलं असेल ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. २०२१ लाही पुन्हा बसच. माझ्या दृष्टीने त्या दोन वर्षांची ती न झालेली पायवाटच अहिंसेची होती.

आता ज्या ओव्यांची फार चर्चा होत नाही त्यांच्याकडे. याच अहिंसेच्या सुरुवातीला माउली अहिंसेच्या नावाखाली चालणाऱ्या उफराट्या गोष्टींची चांगलीच फिरकी घेतात. झाडाच्या फांद्या तोडून त्याच झाडाच्या बुंध्याला कुंपण करावं, तशी ही अहिंसा, असं म्हणतात. धर्म म्हणून पाणी गाळायला घेतात आणि गाळण्याच्या खटाटोपातच जीव मरतात. नियम पाळला, पण ज्याच्यासाठी तो होता तोच हरवला. मास्कच्या बाबतीत हे आपण भरपूर केलं. हनुवटीवर लटकलेला मास्क, फक्त गेटवरच्या वॉचमनपुरता वर जाणारा. (कालचं अदंभित्व आठवा!) एकच मळका मास्क आठवडाभर. आणि दुसऱ्या टोकाला, तीन वर्षांच्या पोराच्या तोंडावर रडत असताना मास्क दाबणारे आईबाप. खरं तर पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्कची सक्ती नको असं जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने ऑगस्ट २०२० मध्येच सांगितलं होतं.

ज्यांना ऐकू येत नाही त्यांचं काय झालं याचा तर आपण विचारच केला नाही. ती माणसं समोरच्याचे ओठ बघून बोलणं समजून घेतात. सगळ्या जगाने एकाच दिवशी ओठ झाकले. बँकेत, दवाखान्यात, मेडिकलच्या दुकानात ती नुसती बघत उभी राहिली. अशा वेळी चार पावलं मागे सरकून, मोकळ्या हवेत, मास्क क्षणभर खाली करून सावकाश बोलणारा माणूस नियम मोडत होता की अहिंसा पाळत होता? माउली मांजरीचं उदाहरण देतात. तिचे तेच दात, पण पिल्लू उचलताना ते कसे लागतात बघा. मला वाटतं उत्तर तिथे आहे. कापड कुठल्या हाताने आणि कशासाठी वर-खाली होतंय, त्यावर सगळं.

मास्कची सक्ती महाराष्ट्रात १ एप्रिल २०२२ पासून गेली, गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी. आता दंड नाही, वॉचमन विचारत नाही. सर्दी-खोकला असताना लोकलमध्ये, ऑफिसात, आषाढीच्या दर्शनबारीत नाकावर मास्क ओढायचा की नाही, हे पूर्णपणे आपल्यावर सोडलेलं आहे. जपानमध्ये ही सवय साथीच्या खूप आधीपासून होती. आपल्याकडे खोकणारा माणूस मास्क लावून आला की अजूनही लोक विचारतात, "काय गं, कोविड झालाय का?" विचारू देत. काका अजून येतात गुरुवारी, खिडकीपाशीच बसतात, ती जागा आता त्यांचीच झाली आहे.

आजच्या वाचनासाठी: अहिंसेच्या ओव्या एका बैठकीत संपणार नाहीत, घाई करू नका. चालण्यापासून सुरू करा आणि श्वासाच्या ओवीपाशी थोडं थांबा. मोठ्याने वाचलंत तर आणखी चांगलं. उद्या क्षांती घेऊ, सहन करणं. सोमवार आहे, स्टँडअपच्या आधी वाचलेलं बरं.

राम कृष्ण हरी.